समेची जागा

चष्म्याच्या दुकानात मावशींच्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न असे. "हे बरं, की हे?" गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवायची, एक भिंग सरकवायचं, दुसरं काढायचं आणि विचारायचं. माणसं गोंधळत. "दोन्ही सारखंच दिसतंय हो," असं म्हणत. मावशी कधी चिडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणत, "घाई नाही. पुन्हा दाखवते." हा प्रश्न त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की घरी जेवायला वाढतानाही सुटत नसे. "भाजी आजची बरी, की कालची बरी होती?" पावाची गाडी चालवून दमून आलेले काका, म्हणजे मावशींचे यजमान, हात जोडत. "अगं, मला आधी जेवू दे. नंबर मग काढ."

त्या रविवारी दुपारी मात्र प्रश्न उलटा फिरला. लेकीने आईला आपल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवले, लॅपटॉपची कळ दाबली आणि डोळे मिचकावून विचारलं, "आई, हे बरं, की हे?"

लेक दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे करायची. संध्याकाळी घरी आली की बोटांवरचं पांढरं प्लास्टर धुवायची आणि गाणी रचायला बसायची. तिची खोली म्हणजे अर्धा पलंग नि अर्धा स्टुडिओ. कपड्यांच्या कपाटात आतून गोधड्या लावल्या होत्या, मधोमध माईक टांगला होता. गायचं असलं की कपाटात शिरून गायचं. काका म्हणत, "आमच्या घरात कपडे पलंगावर असतात आणि माणसं कपाटात." आता ती एका लांबच्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला निघाली होती. महिनाअखेरीला जायचं ठरलं होतं, आणि जाण्याआधी तिला एक गोष्ट हवी होती. आई भांडी विसळताना जे एक गाणं गुणगुणायची, ते तिने सूर उचलून उचलून गिटारवर बसवलं होतं. आता फक्त ठेका आणि आईचा आवाज राहिला होता.

"मला तुझा आवाज न्यायचाय बरोबर," ती म्हणाली होती. "फोनवरचा नाही. गाण्यातला."

मावशी हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. लेकीने ते हो असं धरलं आणि ड्रमसाठी सॉफ्टवेअर शोधायला लागली. तीन निवडून ठेवली होती, तिन्ही थोडे दिवस फुकट वापरायला मिळालेली. ठेका आईला आवडायला हवा, गाणार तीच, म्हणून आज ही परीक्षा.

पहिलं सुरू झालं आणि मावशी दचकल्याच. मागे कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. मोठ्या ड्रमचा घुमारा छातीत उतरत होता, झांज वाजून गेल्यावरही तिची थरथर कितीतरी वेळ हवेत तरंगत होती.

"सुरेख आहे गं," मावशी म्हणाल्या. "कोण वाजवतंय?"

"म्हणजे?"

"हा हात कुणाचा?"

लेक खुलली. आईने नेमकं तेच ओळखलं होतं. "तीच तर गंमत आहे! खऱ्या वादकाला मोठ्या हॉलमध्ये बसवून एकेक ठोका रेकॉर्ड केलाय. हळू, जोरात, मधोमध, कडेला. आपण नुसती कळ दाबायची, पण वाजतो तो खरा हात."

मावशींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मग नको."

"नको? आत्ता सुरेख म्हणालीस!"

"सुरेखच आहे. पण नको. दुसरं दाखव."

लेकीने दुसरं लावलं. ते फार हुशार होतं. त्याला गाणं ऐकवायचं, की ते स्वतःच ठरवायचं कुठे धीमं घ्यायचं, कुठे उचलायचं. "यात कुणी माणूसच नाही," लेक म्हणाली. "हे आपलं आपण वाजवतं."

"शिकलं कुणाकडून?"

"शेकडो वादकांचं ऐकून ऐकून."

"म्हणजे शेकडो हात झाले की गं."

दारात चहाचा कप घेऊन काका उभे होते. "तुझी आई सॉफ्टवेअर बघतेय की जावई? घरदार विचारतेय नुसती!"

"बाबा, तुम्ही जा हो." लेकीने कपाळाला हात लावला. "आई, तिसरं मी उगाच आणलंय. जुन्या पद्धतीचं आहे. यात वाजवलेलं असं काही नाहीच, नुसती वीज. ही बघ, एका ओळीत सोळा घरं. ज्या घराला टिचकी मारशील ते उजळतं आणि पाळी आली की वाजतं. बाकीची घरं गप्प." तिने तीनचार घरांना टिचक्या मारल्या. डुब. टक. डुब-डुब टक. पत्र्याचा डबा पायरीवरून गडगडत जावा तसं.

मावशींनी मान एका बाजूला कलती करून नीट ऐकलं. "यात कुणाचा हात नाही?"

"कुणाचाच नाही. आपण सांगू तोच ठेका. पण ऐक ना, कसं वाजतंय..."

"हेच बरं."

"आई!" लेक ओरडलीच. "तिन्हींत भिकार आहे हे! दुकानात कुणी मुद्दाम धूसर भिंग मागितलं तर देशील?"

मावशी ओढणी सारखी करत म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या हातावर मला गाता येणार नाही. नेम आहे."

काकांनी चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला. त्यांना ठाऊक होतं. लेकीला ठाऊक नव्हतं.

नेम तर मावशींच्या घराला नवे नव्हते. सकाळी दिवा लावून दोन घटका डोळे मिटल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. आठवड्यातून एकदा अळणी जेवत. एकदा ताप चढलेला असतानाही भिंत धरून धरून दिव्यापर्यंत गेल्या होत्या, आणि काका मागून उशी घेऊन चालत होते, पडली तर निदान उशीवर पडेल म्हणून. पण हा नेम दिव्यासमोर घेतलेला नव्हता. हा घेतला होता घराच्या उंबऱ्यावर, आणि तोही एका थट्टेवर.

मावशींचा थोरला भाऊ ड्रम वाजवायचा. गावातल्या हॉलमध्ये नाचगाण्याच्या कार्यक्रमांना तो वाजवी, धाकटी बहीण गाई. तिचा आवाज उंच नि टोकदार, म्हणून तो तिला टिटवी म्हणे. "टिटवे, आज हळू ओरड, काचा नव्या बसवल्यात." त्याची एक खोड होती. ओळ संपून सम यायची झाली, म्हणजे ठेक्याचा तो पहिला मोठा ठोका, जिथे गाणं घरी परततं, की तो उजवा हात वर उचलायचा आणि हात तसाच अधांतरी ठेवून बहिणीकडे बघायचा. भुवई उडवायचा. मारू? तिने मान हलवली की हात खाली यायचा. बरोबर वेळेवर, एवढंसंही इकडे-तिकडे नाही. तिच्या मानेवाचून सम कधी पडली नाही.

कार्यक्रमानंतर भाऊ मित्रांबरोबर रेंगाळायचा. घरी वडील कडक. दाराला आतून कडी लागली की संपलं. म्हणून बहीण सगळे झोपल्यावर उठून कडी हळूच काढून ठेवायची. त्यावरच दोघांनी ते गाणं केलं होतं. शब्द तिचे, ठेका त्याचा.

*दार नुसतं लोटलंय रे, कडी घातली नाही,*
*येणाऱ्याला कोण म्हणून विचारणार नाही.*

मग त्याला जहाजावरच्या वाद्यवृंदात काम मिळालं. एका वर्षाचं. निघताना त्याच्या पिशवीतून ड्रमच्या काठ्यांची टोकं बाहेर आली होती. आई डोळे पुसत होती, वडील खाकरत होते, आणि ते सगळं त्याला सहन होईना म्हणून तो उंबऱ्यावर वळून म्हणाला, "टिटवे, मी येईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या ठेक्यावर गायचं नाही हं! गायलीस तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "नाही गाणार."

नेमाच्या माणसाशी उंबऱ्यावर थट्टा करू नये.

वर्षाची दोन झाली. मग जहाजावरचं काम सुटलं नि भाऊ एका बंदरात राहिला, तिथेच संसार मांडला, तिथल्याच गोदामात माल उचलायची गाडी चालवायला लागला. तो दोनदा येऊन गेला. एकदा वडील गेले तेव्हा, एकदा आई गेली तेव्हा. ती काही गाण्याची वेळ नव्हती. फोनवर मात्र दर वेळी विचारायचा, "गातेस ना गं?" आणि मावशी म्हणायच्या, "गुणगुणते रे." ते खोटं नव्हतं. ठेक्याशिवाय गुणगुणायला नेमाची आडकाठी नव्हती. तेवढं त्यांनी काटेकोरपणे पाळलं होतं, इतकं की धुलाईचं मशीन घरघरत ठेका धरायला लागलं की मावशींचं गुणगुणणं बंद. मशीन थांबलं की पुढची ओळ.

"त्यासाठी?" आईने हे सगळं सांगितल्यावर लेकीला हसावं की रडावं कळेना. "तू मशीनला घाबरून गप्प बसायचीस? मला वाटायचं तुला आवाजाचा त्रास होतो! आणि मामाला हे माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगायचं?"

लेकीने पुढचं ऐकलंच नाही. मावशी "अगं, थांब" म्हणेपर्यंत तिने फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

पलीकडून आधी गोदामाचा खडखडाट आला, मग मामा. "बोला राणीसरकार! निघालीस का मोठ्या नोकरीवर?"

"मामा, आईला तू निघताना काय सांगितलं होतंस?"

त्याच्याकडून येणारं बोलणं नेहमीच जरा मागून यायचं. इकडचं वाक्य समुद्र ओलांडून जाणार, तिकडचं परत येणार. त्या मधल्या पोकळीत मावशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"निघताना? काय सांगणार? जपून राहा, आईबाबांना बघ..."

"दुसऱ्याच्या ठेक्यावर गाऊ नको म्हणालास. ती गायली नाही. आजपर्यंत."

पुन्हा पोकळी. मग मामा मोठ्याने हसला, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी अडखळून बंद पडलं. "खरंच? टिटवे, आहेस का तिथे?"

"आहे रे, दादा."

"अगं वेडे, मी गंमत केली होती."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग?"

काय सांगायचं होतं? गंमत होती हे त्यांना उंबऱ्यावरच कळलं होतं. पण ज्याच्यासाठी थांबायचं कबूल केलं त्याला परत यावंच लागतं, एवढा एकच हिशोब त्यांनी मनाशी धरला होता. गाणं अर्धं ठेवलं की दुसरा अर्धा कुठेतरी शिल्लक राहतो. तो तरी परतेल.

"आता कसलं वाजवणं माझं," मामा म्हणत होता. "काठ्या कधीच कुणाला तरी देऊन टाकल्या. गुडघे गेले. सुट्टी काढून येईन म्हणतो, पण इथलं काही सुटत नाही गं. तू गा. ऐकतेस ना? सोडलं मी तुला त्यातून. मी सांगतो ना, सोडलं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "जेवलास का?"

फोन ठेवल्यावर लेक आनंदाने उठली. "झालं की! सुटलीस! आता पहिलं सॉफ्टवेअर, तो मोठा हॉल..." आईचा चेहरा बघून ती थांबली. मावशी हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवत होत्या, दुकानात भिंगं डब्यात ठेवतात तशी, एकही ओरखडा येऊ न देता.

"आज नको गं," त्या म्हणाल्या आणि कपडे घड्या करायला निघून गेल्या.

काका लेकीजवळ आले. "पोरी, सुटका कुणाची करतात? जो अडकलाय त्याची. ती कुठे अडकली होती? ती धरून होती."

पुढचे काही दिवस घरात गाण्याचा विषय निघाला नाही. लेक सामान बांधत होती. कपाटातल्या गोधड्या अजून तशाच टांगलेल्या होत्या. त्या काढायला तिचा हात जात नव्हता. मावशी सकाळी दिवा लावत, डोळे मिटत, पण आत काही स्थिर राहत नसे. आणखी एक झालं. भांडी विसळताना त्यांचं गुणगुणणं बंद झालं. आता तर कुणाची बंदी नव्हती, मशीन सुरू असताना गायलं तरी चालणार होतं. आणि नेमका सूरच येईना. दार नुसतं लोटलंय म्हणायला तोंड उघडलं की वाटे, कुणासाठी?

अशातच एका सकाळी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. निवृत्त पोस्टमन. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. मावशींनी उजव्या डोळ्याचा नंबर काढला, मग कागदावर डाव्या बाजूचंही माप घ्यायला लागल्या.

"त्या बाजूला कशाला, मावशी?" म्हातारबाबा म्हणाले. "ते दुकान कधीच बंद झालंय. रिकामीच ठेवा."

"रिकामी ठेवून चालत नाही हो. दोन्हीकडे सारख्या वजनाचं भिंग लागतं. नाहीतर चष्मा एका अंगाला कलतो, आणि बघणारा डोळाही मग भिंगाच्या मधून बघत नाही."

"म्हणजे बसून खाणाऱ्यालाही कमावत्याएवढाच मान!"

"मान नाही. जागा." मावशी हसल्या. "डोळा दिसत नाही म्हणून त्याची जागा काही जात नाही."

हेच त्या आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना बोलल्या होत्या. पण आज वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांच्या हातातलं भिंग तसंच हातात राहिलं. म्हातारबाबांनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी म्हणाले, "मावशी, आता तुम्हालाच दिसेनासं झालं काय?"

"नाही हो बाबा," मावशी म्हणाल्या. "दिसलं."

संध्याकाळी चपला काढता काढताच त्यांनी लेकीला हाक मारली. "ते घरांचं काढ. सोळा घरांचं."

"तो डबा?"

"तोच."

लेकीने लॅपटॉप उघडला. मावशी शेजारी बसल्या आणि भावाचा ठेका तोंडाने बोलून दाखवायला लागल्या. इथे डुब, इथे नाही, इथे टक, इथे दोन लागोपाठ. लेक टिचक्या मारत गेली. घरं उजळत गेली. ठेका फिरायला लागला. पत्र्याचाच, पण चाल ओळखीची होती. मावशींच्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला.

"आता पहिलं घर विझव," त्या म्हणाल्या.

"पहिलं? अगं, तीच तर सम आहे. ती काढली तर सगळं लंगडेल."

"काढू नको. विझव. घर तिथेच राहू दे. वाजू नको देऊ."

लेकीने टिचकी मारली. पहिलं घर काळं झालं. ठेका फिरून आला आणि बरोबर त्या जागी पायरी चुकल्यासारखा धस्स झाला.

"आई, ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी बिघडलंय."

"वाटू दे."

"आणि तू कशाला धरून गाणार? तुझं 'दार' नेमकं तिथेच पडतं. खाली काहीच नाही. पडशील."

"इतकी वर्षं तिथे काहीच नव्हतं. पडले का?"

लेकीने कपाटाचं दार उघडलं. मावशी ओढणी सावरून गोधड्यांमध्ये शिरल्या. आत नॅप्थलीनचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. कानात ठेका सुरू झाला. त्यांनी श्वास घेतला, आणि "दार" म्हणायला गेल्या ते घसरल्याच. अर्धं पाऊल आधी. पुन्हा. या वेळी उशिरा. आवाजाला गंज चढला होता. वरच्या सुराला टिटवी कुठली, नुसती बिजागरी करकरली. बाहेरून काकांचा आवाज आला, "दाराला तेल हवंय बहुतेक."

"बाबा!"

"बरोबर बोलतायत ते," मावशी आतून म्हणाल्या. "पुन्हा लाव."

लेक मदतीला म्हणून कपाटासमोर उभी राहून हाताने मात्रा दाखवायला लागली. मावशींनी मानेनेच नको म्हटलं. "तू हात नको दाखवू. तिथे हात आहे."

आणि त्यांनी डोळे मिटले, सकाळी दिव्यासमोर मिटतात तसे. ठेका फिरून आला. रिकाम्या घराच्या आधी एक हात वर उचललेला त्यांना दिसला, अधांतरी, भुवई उडवलेली. मारू? मावशींनी मान हलवली. दार. शब्द त्या पोकळीत नेमका उतरला, खाली काही नसताना. मग पुढची ओळ, आणि पुन्हा तो हात, पुन्हा ती मान. गाणं मोठं नव्हतं. संपलं तेव्हा कपाटाच्या फटीतून मावशींना दिसलं, लेक जमिनीवर बसून होती आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरली होती.

रेकॉर्डिंग मामाला पाठवायचं लेकीने ठरवलं. मावशी नको म्हणाल्या नाहीत. "पण काही लिहू नको बरोबर," एवढंच बोलल्या.

लेक गेली. स्टेशनवर रडली, गाडी हलली तशी हसली, आणि खिडकीतून हेडफोन उंच धरून दाखवला. घर मोठं वाटायला लागलं. कपडे कपाटात परत गेले, तरी काकांनी गोधड्या काढू दिल्या नाहीत. "राहू दे. कुणाला कधी गावंसं वाटेल, काय सांगावं."

मामाचा फोन आला तो सकाळी. मावशी नुकत्याच दिव्यासमोरून उठत होत्या. मागे गोदामाचा खडखडाट नव्हता. चमचे, कप, माणसांच्या बोलण्याचा गलका होता. जेवणाच्या खोलीतून बोलत असावा.

"टिटवे," तो म्हणाला. पुढे काहीच बोलला नाही. मावशींना वाटलं, नेहमीची पोकळी. पण ती फारच लांबली.

"बोल ना रे."

"तुझा आवाज जाड झालाय."

"तुझे केस राहिलेत का?"

तो हसला. मग म्हणाला, "अगं, आधी वाटलं फोन अडकतोय. दार म्हणतेस आणि खाली काहीच नाही. म्हटलं, पोरीने काहीतरी घोळ घातलाय. पुन्हा लावलं. आणि कसं झालं कळलं नाही, हात वर गेला. माझाच. समोर डबा होता जेवणाचा, त्याच्यावर पडला. झाकण उडून पलीकडच्या माणसाच्या चहात! सगळे बघायला लागले." त्याला धाप लागली होती. "चार वेळा लावलं. चारही वेळा पडला."

"वेळेवर पडला का?"

"वेळेवर म्हणजे? सम चुकलीय कधी माझी?" तो जुन्या तोऱ्यात म्हणाला. मग आवाज उतरला. "पोरीला सांग, एक ठोका राहून गेलाय तिचा."

"राहून गेला नाही. ठेवलाय."

या वेळची पोकळी फोनची नव्हती. चमच्यांचे आवाज येत राहिले.

"टिटवे, मी सोडलं म्हटलं होतं ना तुला?"

"तू सोडलंस रे, दादा," मावशी म्हणाल्या. "मी कुठे सोडलंय?"

तो येतो म्हणाला नाही. दर वेळी म्हणायचा, या वेळी नाही म्हणाला, आणि मावशींनीही विचारलं नाही. स्वयंपाकघरात धुलाईचं मशीन कपडे भरून तयार होतं. फोन कानाशी धरूनच त्यांनी त्याची कळ दाबली. ते घरघरलं, मग हळूहळू ठेका धरायला लागलं. मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात पहिली ओळ उचलली. समेपाशी आल्या आणि थांबल्या. समुद्रापलीकडून, जरा मागून, डब्यावर पडलेला हात ऐकू आला. मग त्यांनी पुढे म्हटलं.